मोठ्या शिंगाळ्या-शिवड्यासाठी टिकाऊ बेटकास्टिंग रीळ: काय बघून घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकजवळच्या गंगापूर आणि दारणा धरणांच्या बॅकवॉटरला, शिवाय खाली सायखेड्याच्या अंगाला गोदावरीच्या डोहांत, काठावरून शिंगाळा आणि शिवड्यासाठी गळ टाकायचा. ऑनलाइन घेतलेलं दोन-अडीच हजारांचं लो-प्रोफाइल बेटकास्टर (बसक्या आकाराचं, आडव्या स्पूलचं रीळ) एका हंगामात गेलं. आधी तंगूस स्पूलच्या, म्हणजे तो गुंडाळायच्या चकरीच्या, एकाच बाजूला साचायला लागला, मग मोठा मासा लागला की हँडल उलटं सटकायला लागलं. आता एकदाच नीट रीळ घ्यायचंय. ड्रॅग (ठरावीक ओढीला तंगूस सुटू देणारा ब्रेक) किती किलोचा बघायचा, बेअरिंग किती हव्यात, गिअर कोणता?

बेअरिंगचा आकडा आधी डोक्यातून काढून टाका. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत तोच छापलेला असतो आणि टिकण्याशी त्याचाच संबंध सगळ्यात कमी. स्पूलच्या दोन टोकांना दोन चांगल्या बेअरिंग असल्या की फेक नीट जाते. हँडलच्या नॉबमध्ये आणि लेव्हलवाइंडच्या (तंगूस स्पूलवर सारखा पसरवणाऱ्या यंत्रणेच्या) टोकाला कोंबलेल्या जादा बेअरिंगमुळे रीळ दुकानात लोण्यासारखं फिरतं, पण गाळाच्या पाण्यात पहिल्यांदा गंजतात त्या याच. त्या जागी साधा पितळी बुश असेल तर तो जास्त वर्षं जातो.

तुमचं रीळ गेलं ते वाईट होतं म्हणून कमी आणि चुकीच्या कामाला लावलं म्हणून जास्त. लो-प्रोफाइलची रचना १०-२० ग्रॅमचं कृत्रिम आमिष दिवसभर फेकण्यासाठी असते. हलकं, मुठीत मावणारं, भराभर गुंडाळणारं. आपलं काम वेगळं. ६० ते १०० ग्रॅम शिसं, वर आमिष, मग दोन-दोन तास वाट बघायची आणि मासा लागला की तळातून वर ओढायचा. या ओढण्यात हँडलवर किती जोर येतो तो कागदावर काढून बघा: तंगुसावरची ओढ गुणिले स्पूलची त्रिज्या गुणिले गिअर रेशो (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे किती फेरे होतात तो आकडा), भागिले हँडलच्या मध्यापासून नॉबपर्यंतचं अंतर.

तंगुसावर ४ किलोची ओढ धरू. लो-प्रोफाइलमध्ये स्पूलची त्रिज्या १७ मिमी, रेशो ७.१:१, हँडलचा हात ४५ मिमी. उत्तर येतं जवळजवळ १०.७ किलो. म्हणजे दोन बोटांच्या चिमटीत धरलेल्या चपट्या नॉबवर दहा किलोंहून जास्त जोर, तोही गिअरमधलं घर्षण न धरता. आता गोल रीळ घ्या: त्रिज्या २० मिमी, रेशो ५.३:१, एका बाजूचं लांब हँडल ६५ मिमी. उत्तर ६.५ किलो. आणि वेगात गमावलं किती? पहिलं रीळ एका फेऱ्यात साधारण ७६ सेंटीमीटर तंगूस ओढतं, दुसरं ६७. नऊ सेंटीमीटरसाठी गिअरच्या दातांवर आणि मनगटावर दीडपटीहून जास्त ताण घेण्यात काही अर्थ नाही. तसाही वजनदार मासा रिळाने ओढायचाच नसतो. काठी उचलून मासा वर आणायचा आणि काठी खाली नेताना मोकळा झालेला तंगूस गुंडाळायचा. पाण्यात वजन असताना नुसतं हँडल फिरवत राहणं हे गिअर खाण्याचं पहिलं कारण.

म्हणून रेशो ४:१ ते ५.५:१ च्या मध्ये, रीळ गोल आकाराचं, हँडल लांब आणि शक्यतो एकाच मोठ्या गोल नॉबचं. मुख्य गिअर पितळी, त्याला लागणारा पिनियन, म्हणजे छोटा गिअर, पितळी किंवा स्टेनलेस. स्वस्त रिळांत मुख्य गिअर जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो. त्याचे दात एकदम तुटत नाहीत, हळूहळू धारदार होतात. हँडल फिरवताना करकर जाणवायला लागली की समजा, दात झिजलेत. ग्रीस भरून आवाज दबतो, दात परत येत नाहीत.

आता ड्रॅग. जाहिरातीत १० किलो, १२ किलो लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक त्यालाच भुलतं. ०.५० मिमीचा चांगला नायलॉन तंगूस साधारण २५ ते ३० पौंडांचा, म्हणजे ११ ते १४ किलोंचा असतो. गाठीत आणि खरचटण्यात त्यातली ताकद जाते, म्हणून ड्रॅग तुटण्याच्या ताकदीच्या पंचवीस ते तीस टक्क्यांवर लावतात. तो ३ ते ४ किलो होतो. अडीच मीटरच्या काठीला ४ किलोची ओढ कमरेशी पेलून धरणं म्हणजे काय, हे बादली बांधून एकदा बघाच. १२ किलोचा ड्रॅग पूर्ण आवळला तर आधी काठी जाईल किंवा माणूस पाण्यात जाईल. खरा ५ ते ७ किलोचा, पण झटके न देणारा ड्रॅग पुरतो.

झटका न देणं हीच गोष्ट महत्त्वाची आहे. थांबलेला ड्रॅग सुटायला जी ओढ लागते ती चालू ड्रॅगपेक्षा नेहमी थोडी जास्त असते. चकत्या वाईट असतील तर हा फरक मोठा होतो, स्पूल अडकत-सुटत फिरतो आणि तंगूस त्या अडकण्याच्या क्षणी तुटतो. चकत्या कार्बन फायबरच्या, अनेक थरांच्या हव्यात: एक कार्बन, एक स्टील, पुन्हा कार्बन. फेल्टच्या चकत्या सुरुवातीला छान चालतात, पण तेल सुकलं की चिकटतात आणि लांब धावेत तापतात. ४ किलोच्या ओढीने ५० मीटर तंगूस गेला की साधारण २ किलोज्यूल उष्णता त्या रुपयाएवढ्या चकत्यांमध्ये तयार होते आणि ती जायला जागा नसते. कार्बन ती सोसतो.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. ड्रॅग स्टारने (हँडलखालच्या चांदणीच्या आकाराच्या चक्राने) एकदा लावला की चकत्यांतलं घर्षण तेवढंच राहतं, पण स्पूल रिकामा होत जातो तशी त्याची त्रिज्या कमी होते आणि तंगुसावरची ओढ वाढत जाते. भरलेला स्पूल ४० मिमी व्यासाचा असताना ४ किलोवर लावलेला ड्रॅग, स्पूल ३० मिमीवर आला की ५.३ किलो होतो आणि २४ मिमीवर ६.७. काठीच्या कड्यांमधलं घर्षण त्यावर वेगळं. मासा ऐंशी मीटर धावून गेल्यावर, अगदी शेवटी तंगूस का तुटला, याचं उत्तर बहुतेकदा हेच असतं. लोक उलट करतात. तंगूस संपत चाललेला दिसला की घाबरून स्टार आवळतात. त्या वेळी स्टार अर्धा टप्पा सैल करायचा आणि लागलाच जोर तर अंगठ्याने स्पूलवर द्यायचा, कारण अंगठा क्षणात काढता येतो.

फ्रेम एकसंध ॲल्युमिनियमची घ्या. ग्रॅफाइटच्या फ्रेमला गंज नाही, वजन कमी, पण ओढीखाली ती किंचित पिळते. पिळली की मुख्य गिअर आणि पिनियन एकमेकांपासून केसभर दूर जातात, दात टोकाटोकांवर लागतात आणि एका जोरात उडी मारतात. सगळंच ग्रॅफाइट टाकाऊ नाही. जाड भिंतीचं आणि बाजूच्या प्लेटला धातूचं कडं असलेलं चालतं. बाजूच्या प्लेटचे स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्ये जातात का धातूच्या बुशमध्ये, एवढं मात्र बघाच. प्लॅस्टिकमध्ये जाणारे स्क्रू चार-पाच वेळा उघडले की आटे मरतात, आणि हे रीळ तुम्हाला वर्षातून दोनदा तरी उघडायचं आहे.

आता ज्या भागाने तुमचं रीळ पहिल्यांदा बिघडलं तो लेव्हलवाइंड. नाशिककडच्या पाण्यात सगळ्यात आधी हाच जातो, म्हणून जरा सविस्तर. स्पूलच्या पुढे एक आडवा दांडा असतो, त्यावर दोन उलट दिशेच्या आट्यांची खाच एकमेकींना छेदत गेलेली असते. हा वर्म. तंगूस जिथून आत येतो त्या गाइडच्या पोटात पॉल नावाचा छोटासा तुकडा असतो, मुगाच्या दाण्याएवढी त्याची चंद्रकोरी जीभ त्या खाचेत बसते. वर्म फिरला की जीभ खाचेतून सरकते, टोकाला पोचली की वळते आणि उलट्या खाचेत शिरते. ती जीभ वळते त्याच जागी माती साचते. पावसाळ्यात आणि त्यानंतर दोन महिने इथलं पाणी काळ्या मातीचा गाळ घेऊन येतं. ओला तंगूस तो गाळ पुसत-पुसत गाइडमधून आत आणतो. गोदावरीवर शहराच्या खाली पानवेलींची मुळं तंगुसाला लोंबतात, ती गाइडच्या तोंडाशी दाटतात आणि आपण जोर लावून फिरवत राहतो. जिभेची कड झिजते, ती टोकाला वळायच्या ऐवजी तिथेच अडते, गाइड थांबतं, तंगूस एका बाजूला डोंगर करतो. तुमचं झालं ते हेच.

लेव्हलवाइंड दोन जातींचे असतात. एकात गाइड हँडलबरोबर चालतं; फेकताना आणि ड्रॅग सुटताना ते जागच्या जागी उभं राहतं. दुसऱ्यात गाइड स्पूलला जोडलेलं असतं, स्पूल फिरला की तेही फिरतं. पहिल्याने फेक लांब जाते आणि वर्म कमी झिजतो. पण लांब धावेत एक अडचण येते: गाइड डाव्या टोकाला थांबलेलं असतं आणि तंगूस स्पूलच्या उजव्या टोकावरून सुटत असतो. तंगूस तिरका होऊन गाइडच्या कडेला घासतो आणि सगळा आडवा भार त्या मुगाएवढ्या जिभेवर येतो. दुसऱ्या जातीत हा तिरकेपणा राहत नाही, पण फेकताना सगळी यंत्रणा पळते, त्यामुळे झीज जास्त आणि फेक थोडी आखूड. काठावरून फेकणाऱ्याला पहिली जात बरी, होडीतून खाली सोडणाऱ्याला दुसरी. ज्यांना काहीच नको ते लेव्हलवाइंड नसलेलं रीळ घेतात आणि अंगठ्याने तंगूस डावी-उजवीकडे पसरवत गुंडाळतात. टिकण्याच्या दृष्टीने ते सर्वोत्तम, पण रात्री अंधारात मासा ओढताना अंगठ्याचं भान राहत नाही. सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका.

लेव्हलवाइंड वाचवायचा एक साधा नियम: शॉक लीडरची (तंगुसाच्या पुढे जोडलेल्या जाड तुकड्याची) जाड गाठ गाइडमधून धाडधाड जाऊ द्यायची नाही. फेकताना ती गाठ गाइडच्या आतल्या कड्यावर आपटते आणि कडं फुटतं. एक तर लीडर काठीच्या लांबीपेक्षा कमी ठेवा म्हणजे गाठ टोकाच्या कड्याबाहेर राहील, नाही तर एफजीसारखी सडपातळ गाठ शिका.

हँडल उलटं सटकण्याचं कारण अँटी-रिव्हर्स. आजकालच्या रिळांत एकाच दिशेने फिरणारी रोलर बेअरिंग असते. तिच्यातले बारीक रोलर उतारावर चढून अडकतात आणि हँडलला मागे यायची जागाच ठेवत नाहीत. तिच्यात जाड ग्रीस गेलं किंवा पाणी जाऊन रोलर गंजले की रोलर चढायच्या ऐवजी घसरतात. स्वस्त रिळांत अडवणारी एवढीच एक गोष्ट असते. चांगल्या रिळांत तिच्या मागे दातेरी रॅचेट आणि त्याच्या दातांत अडकणारा धातूचा कुत्रा (अडसर) असतो. रोलर घसरले तरी हँडल थोडंसं मागे येऊन टक् करून थांबतं. मोठ्या माशासाठी हा दुसरा अडसर नसलेलं रीळ घेऊच नका. चार किलोच्या ओढीने उलटं फिरणारं हँडल बोटांची हाडं फोडू शकतं.

क्लिकर (स्पूल फिरला की वाजणारा भाग) नसलेलं बेटकास्टर या कामाला निम्मं निरुपयोगी. लो-प्रोफाइलमध्ये तो सहसा नसतोच. फेकून झाल्यावर रीळ मोकळं सोडून क्लिकर चालू ठेवायचा. मासा आमिष घेऊन निघाला की स्पूल करकर वाजत फिरतो, काठी जागेवर राहते. रीळ गिअरमध्ये ठेवून काठी बेचक्यात टेकवली आणि माणूस चहाला गेला, की काठी-रिळासकट सगळं पाण्यात जातं. क्लिकरची जीभ आणि स्पूलवरचं दातेरी चक्र धातूचं असावं. मासा लागला, गिअर पडला, की क्लिकर बंद करायचा. आवाज ऐकायला मजा येते म्हणून लोक तो चालूच ठेवतात आणि सहा महिन्यांत जीभ झिजते.

आकार ठरवताना स्पूलवर लिहिलेल्या आकड्याचा आपल्या तंगुसाशी हिशोब लावा. लांबी जाडीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलते. रिळावर ०.३५ मिमी, २५० मीटर लिहिलं असेल आणि तुम्ही ०.५० मिमी भरणार असाल तर २५० गुणिले (०.३५ ÷ ०.५०) चा वर्ग, म्हणजे साधारण १२२ मीटर. खोक्यावर पौंड आणि यार्ड लिहिलेले असतील तर १ पौंड म्हणजे ०.४५ किलो आणि १ यार्ड म्हणजे ०.९१ मीटर. धरणाच्या बॅकवॉटरला ६० मीटर फेक धरली तर स्पूलवर १५० मीटर तरी हवा. नदीच्या डोहात १२० भागतो. म्हणून सर्वसाधारण कामाला ६५०० मापाचं (हे आबू गार्सिया कंपनीच्या रिळांच्या मापाचे आकडे) गोल रीळ, आणि जिथे उघडं विस्तीर्ण पाणी आहे किंवा १०० ग्रॅमच्या वरचं शिसं लागतं तिथे ७००० मापाचं. यापेक्षा मोठं घेऊन काठावर दिवसभर फेकणं हा हाताला नुसता त्रास.

ब्रेडेड की नायलॉन, हा वाद इथे फार लांबवायची गरज नाही. आपल्या नद्यांचा तळ बेसाल्टच्या कातळाचा आहे, धरणांत बुडालेल्या झाडांचे बुंधे आणि जुन्या विहिरींची कडी आहेत. घासण्यापुढे ब्रेडेड टिकत नाही. पूर्ण नायलॉन ०.४५ ते ०.५० मिमी, किंवा ५० पौंडांचा ब्रेडेड आणि पुढे २ मीटर ०.७० ते ०.८० मिमीचा नायलॉन लीडर. शिवड्याच्या तोंडात बारीक तीक्ष्ण दातांच्या रांगा असतात, म्हणून त्याच्यासाठी लीडरची शेवटची वीतभर लांबी आणखी जाड किंवा तारेची. ब्रेडेड भरायचा तर आधी स्पूलवर आठ-दहा मीटर नायलॉन गुंडाळा. थेट भरलेला ब्रेडेड गुळगुळीत स्पूलवर अख्खाच्या अख्खा घसरतो आणि माणसाला वाटतं ड्रॅग गेला. उलट, नायलॉन ओढीखाली ताणून गुंडाळला जातो आणि नंतर आकसताना स्पूलच्या भिंतींना बाहेर रेटतो. प्लॅस्टिकचा स्पूल यानेच तडकतो. स्पूल धातूचाच हवा.

नावं सांगायची तर आबू गार्सियाची अँबॅसडर मालिका हे या कामाचं ओळखीचं उत्तर आहे. मूळची स्वीडनमधल्या स्वँग्स्टा गावची ही रिळं १९५० च्या दशकापासून मूळ रचना फारशी न बदलता येत आहेत आणि टिकाऊपणाच्या दृष्टीने हाच त्यांचा मोठा गुण, कारण सुटे भाग मिळत राहतात. त्यातलं ६५०० सी३ हे ५.३:१ चं आहे; सी४ हे ६.३:१ चं, ते आपल्याला नको. ७००० मापात ४.१:१ चं रीळ मिळालं तर ओढायला उत्तम. पेनची लेव्हलवाइंड रिळंही मजबूत. जुनं पेन २०९ हे ३.२:१ चं, फेकायला जड पण ओढायला दांडगं, होडीवाल्याने सेकंड-हँड चांगल्या अवस्थेत दिसलं तर सोडू नये. नकली माल बाजारात आहे, म्हणून बिल आणि हमी देणाऱ्या दुकानातूनच घ्या. नवं स्वस्त रीळ आणि जुनं चांगलं रीळ यांत निवड करायची वेळ आली तर जुनं चांगलं घ्या, फक्त तपासून.

तपासणी दहा मिनिटांची. सोबत लटकवायचा तोलकाटा आणि तीन-चार मीटर तंगूस न्या. आधी स्पूलच्या टोकाशी असलेली कास्ट कंट्रोलची टोपी सैल करून स्पूल आडवा हलवून बघा, मग हळूहळू आवळत आडवी हालचाल जेमतेम थांबेल तिथे आणा. तिथे स्पूल मोकळा फिरला पाहिजे. थंब बार (स्पूल मोकळा करणारी अंगठ्याची पट्टी) दाबा, हँडल फिरवा, असं वीसेक वेळा करा. पाव फेऱ्याच्या आत प्रत्येक वेळी गिअर पडला पाहिजे. एकदा जरी चुकला तर आतली स्प्रिंग किंवा पिनियन सरकवणारा योक गेलेला आहे. लेव्हलवाइंड अगदी सावकाश फिरवून दोन्ही टोकांना गाइड न अडखळता वळतं का बघा, आणि बोटाने ते आडवं हलवा. मिलिमीटरभरापेक्षा जास्त खुळखुळ म्हणजे पॉल झिजलेला. मग तंगूस स्पूलला बांधून गाइडमधून बाहेर काढा, टोकाला तोलकाटा लावा, ड्रॅग ३ किलोवर ठेवा आणि सरळ ओढा. सुटतानाचा आकडा आणि चालतानाचा आकडा यांत पाव किलोच्या आसपास फरक असेल तर छान. एक किलोचा असेल तर चकत्या बदलाव्या लागतील. शेवटी ड्रॅग ५ किलोपर्यंत वाढवून दुसऱ्याला ओढायला सांगा आणि बाजूची प्लेट व फ्रेम यांमधल्या फटीकडे नजर ठेवा. फट उघडझाप करत असेल तर ते रीळ परत द्या, किंमत काहीही असो.

घरी आल्यावर स्पूल काठापासून २-३ मिमी खाली राहील इतकाच भरा. त्याहून जास्त भरला की पहिल्याच फेकीत गुंता. फेकताना स्पूलचा वेग आवरणाऱ्या सेंट्रिफ्युगल ब्रेकचे सहा ठोकळे असतील तर सुरुवातीला चार चालू ठेवा, हात बसला की दोनवर या. जड शिशाला ब्रेक कमीच लागतो. गुंता होतो तो बहुधा शिसं पाण्यावर आपटल्यावर अंगठा स्पूलवर न टेकवल्याने.

देखभालीत लोक दोन टोकांना जातात. काही जण कधीच उघडत नाहीत, काही जण आत सगळीकडे ग्रीस थापतात. मुख्य गिअरवर पातळ थर ग्रीस. स्पूलच्या प्रत्येक बेअरिंगला हलक्या तेलाचा एक थेंब. वर्मवर ग्रीस मुळीच नको, तिथे तेलच, कारण ग्रीस गाळ धरून ठेवतं आणि खाचेत सॅंडपेपर तयार होतो. रोलर बेअरिंगला तेलाचा अगदी पुसटसा हात. कार्बन चकत्यांना फक्त ड्रॅग ग्रीस. गाळाच्या पाण्यातून आल्यावर ड्रॅग आवळून रीळ मंद धारेखाली धुवा. मोटारसायकल धुवायच्या प्रेशर पंपाने धुतलं तर गाळ आत ढकलला जातो. पुसा, सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. आवळलेल्या अवस्थेत महिनाभर ठेवलेल्या चकत्या दाबल्या जाऊन एकमेकींना चिकटतात. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे. तो मारून तसंच सोडलं तर असलेलं ग्रीसही धुतलं जातं.

दुरुस्तीच्या बाबतीत नाशिककर नशीबवान आहेत. बेअरिंगचं माप घ्या: ३×१०×४ म्हणजे आतलं छिद्र ३ मिमी, बाहेरचा व्यास १० आणि जाडी ४. त्या मापाची स्टेनलेस बेअरिंग औद्योगिक मालाच्या दुकानात मिळू शकते. रिळाच्या कंपनीचीच हवी असं नाही. पितळी बुश, हँडलच्या नॉबची पिन, वॉशर हे सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या लेथवर नमुना दिला की करून मिळतं. मुख्य गिअर आणि पिनियन मात्र बनवून घ्यायच्या भानगडीत पडू नका. दातांचा कोन जरा चुकला तर नवा गिअर जुन्याला खातो. ते कंपनीचेच, आणि दोन्ही एकदम बदलायचे.

गळ कुठे टाकता तेही बघा. नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, तिथे गळ घेऊन जायचंच नाही. धरणांच्या पाण्यातली मासेमारी बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, त्यांना विचारून, पावती घेऊनच बसा. शिवडा जगभरातल्या असुरक्षित प्रजातींच्या यादीत गेलेला आहे. मोठा, अंड्यावरचा मासा परत सोडायची सवय असावी. सर्कल हुक (टोक आत वळलेला गळ) वापरला तर तो जबड्याच्या कोपऱ्यात लागतो आणि सोडणं सोपं जातं. मात्र त्यात झटका मारायचा नसतो: क्लिकर वाजला की थांबा, तंगूस ताठ जाऊ लागला की हँडल फिरवून गिअर पाडा आणि ओढ वाढवत न्या.

रीळ मागवताना त्याच खेपेत दोन पॉल, एक लेव्हलवाइंड गाइड, ड्रॅगच्या चकत्यांचा एक संच आणि थंब बारची स्प्रिंग मागवून घ्या. भाग क्रमांक रिळासोबतच्या नकाशाच्या कागदावर असतो. रिळाच्या पायावर कोरलेला मॉडेल क्रमांक त्याच्याशी जुळतो का बघा, कारण एकाच नावाच्या रिळात वर्षागणिक पॉलची लांबी बदललेली असू शकते. तो कागद खोक्यात टाकून देऊ नका, फोटो काढून फोनमध्ये ठेवा.